वाळू-गोट्यांची खाण येण्याआधी : नदीपात्रातला अधिवास कागदावर कसा आणावा

पावसाळा सरून पाणी ओसरलं की तापी, गिरणा, पांझरा, अनेर या नद्यांच्या पात्रात दोन हंगाम मागोमाग सुरू होतात : आधी वाळू उपशाचा, मग विणीचा. फेब्रुवारी ते जून या काळात उघड्या गोट्यांवर नदी सुरय, छोटी आर्ली, नदी टिटवी आणि कंठेरी चिखल्या अंडी घालतात. पोकलेन आणि डंपर सगळ्यात जोरात चालतात तेही याच काळात. अंडी गोट्यांच्या रंगाची असतात, त्यामुळे चाकाखाली काय गेलं हे चालकाला कळतही नाही.

कायदा या पक्ष्यांच्या बाजूने आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी खराब करणं, घरटी विस्कटणं हेही येतं. पण परवानगी देणारा अधिकारी समोरची फाइल पाहतो, आणि तिच्यात बहुतेक वेळा 'सदर क्षेत्रात महत्त्वाचे वन्यजीव आढळले नाहीत' एवढंच लिहिलेलं असतं. खरी नोंद त्या फाइलमध्ये वेळेत जावी, यासाठी पुढचं सगळं काम आहे.

जागा नेमकी कुठे आहे

'आमच्या नदीत खाण येतेय' एवढ्यावर काही करता येत नाही. गट क्रमांक, क्षेत्रफळ आणि चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मिळवा. ते तीन ठिकाणी सापडतात : जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावरची वाळू गटांची (उपशासाठी आखलेल्या पात्राच्या तुकड्यांची) यादी, जिल्हा सर्वेक्षण अहवाल (जिल्ह्यात वाळू कुठे आणि किती काढता येईल ते सांगणारा) आणि केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरचा पर्यावरण मंजुरीचा अर्ज. नाही सापडले तर जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, म्हणून थेट कागद मागा : खनन आराखडा, संयुक्त स्थळ पाहणी अहवाल, वाळू पुनर्भरणाचा (पावसाळ्यात नदी किती वाळू परत भरते याचा) अभ्यास आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस.

अक्षांश-रेखांश नकाशावर टाकताना एक चूक फार होते. कागदावर २१ अंश १० मिनिटं ३० सेकंद असं असतं आणि लोक ते २१.१०३० म्हणून टाकतात. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज करायची असते. बरोबर उत्तर २१.१७५ येतं. चुकीच्या आकड्याने जागा जवळजवळ ८ किलोमीटर सरकते, आणि अशा नकाशावर घेतलेली हरकत पहिल्याच दिवशी बाद होते. चूक समोरच्या कागदातही असू शकते. पात्र सरकलेलं असतं, गाव नकाशा जुना असतो, आणि खाणीचा एखादा कोपरा थेट शेतात किंवा वनखात्याच्या हद्दीत पडतो. असं दिसलं तर तो मुद्दा हरकतीत सगळ्यात वर घ्या.

चौकोन नकाशावर बसला की त्याभोवतीची अंतरं मोजा :

- यावल, अनेर धरण किंवा गौताळा औट्रमघाट अभयारण्याची सीमा. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२ आणि एप्रिल २०२३ च्या आदेशांनुसार अभयारण्यात आणि त्याच्या सीमेपासून १ किलोमीटरच्या आत खाणकामाला मनाई आहे.
- जवळचा पूल, बंधारा, पाणीपुरवठ्याची विहीर. केंद्राच्या २०२० च्या वाळू मार्गदर्शक सूचनांत पुलाच्या लांबीच्या वरच्या अंगाला पाचपट आणि खालच्या अंगाला दहापट अंतर सोडायला सांगितलं आहे. तेही वर २५० आणि खाली ५०० मीटरपेक्षा कमी नको.
- शेजारचे वाळू गट. दोन गटांच्या हद्दींमध्ये ५०० मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर ते एक समूह धरले जातात.

तिसऱ्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. ५ हेक्टरपर्यंतच्या सुट्या गटाला जनसुनावणी लागत नाही, म्हणून मोठी जागा ४.९ हेक्टरच्या तुकड्यांत मांडली जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर ५ हेक्टरपेक्षा मोठ्या समूहाला पर्यावरण आघात मूल्यांकन आणि जनसुनावणी लागते. दोन गटांमधलं अंतर नकाशावर मोजून, त्याचं छायाचित्र हरकतीला जोडा.

पात्रात काय पाहायचं

नदीपात्र म्हणजे एकच एक अधिवास नव्हे. त्याचे भाग पाडले की नोंद नेमकी होते.

पहिला भाग उघडी बेटं आणि गोट्यांचे पट्टे. सुरय आणि आर्ली वसाहतीने घरटी करतात, आणि चारी बाजूंनी पाणी असलेलं बेट निवडतात. कुत्री-कोल्हे तिथे पोहोचत नाहीत. डंपरसाठी पाण्यात मुरमाचा भराव टाकून रस्ता केला की बेटाचं बेटपण संपतं. वाळूचा एक कणही न उचलता सगळी वसाहत एका रात्रीत जाऊ शकते. म्हणून वाहतुकीचा रस्ता कुठून जाणार हे खाणीच्या हद्दीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि अर्जात तो बहुधा दाखवलेला नसतो.

याच भागात पट्ट्याची उंचीही पाहा. गिरणा आणि हतनूर धरणांतून उन्हाळ्यात पाणी सोडलं की सखल पट्टे बुडतात. उंच पट्ट्यांवरची घरटी वाचतात. खाण उंच पट्टा खरवडून सपाट करते. पुढच्या वर्षी पक्षी येतात, त्याच जागी अंडी घालतात आणि एप्रिलच्या पाण्यात ती वाहून जातात. पक्षी दिसतात म्हणून अहवालात 'परिणाम नाही' असं लिहिलं जातं. उंचीची नोंद नसेल तर हे नुकसान कधीच सिद्ध होत नाही.

दुसरा भाग उभे मातीचे काठ. कवड्या खंड्या, वेडे राघू आणि पाकोळ्या यांची बिळं इथे असतात. बिळांची संख्या, काठाची उंची आणि लांबी लिहा. काठाला हात लावला नाही तरी तो ढासळू शकतो. पात्रात खोल खड्डा झाला की त्याच्या वरच्या कडेवरून पाणी धारेसारखं पडतं, ती कडा पुरात झिजत झिजत नदीच्या वरच्या अंगाला सरकते, तळ खाली जातो आणि काठाचा पाया उघडा पडतो. म्हणून पाहणी खाणीच्या चौकोनापुरती ठेवू नका.

तिसरा भाग डोह आणि ओहोळांची तोंडं. काठच्या खडकांवर माशांचे खवले आणि खेकड्यांचे तुकडे असलेली विष्ठा दिसली तर ती पाणमांजराची खूण असू शकते. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. कासवं पाण्यालगतच्या सैल वाळू-मातीत अंडी घालतात. गंगेचं मऊ पाठीचं कासव आणि साधं पाणकासव ही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. कासवं कुठे वर येतात हे भोई मंडळींना आणि पात्रात टरबूज-खरबुजाच्या वाड्या करणाऱ्यांना ठाऊक असतं. त्यांना विचारा आणि त्यांच्या संमतीने त्यांचं म्हणणं तारखेसह लिहून घ्या.

चौथा भाग थडीवरचं झाऊ, लव्हाळं, करंज, निरगुडी. त्यातून रात्री जनावरांची ये-जा असते. पहाटे ओल्या वाळूवर पावलं स्वच्छ दिसतात.

पाहणीची पद्धत अशी ठेवा. खाणीच्या हद्दीपासून वर १ किलोमीटर आणि खाली १ किलोमीटर, दर २०० मीटरवर एक ठरलेला बिंदू : एकूण १२. प्रत्येक बिंदूवर १० मिनिटं उभं राहून दिसलेले पक्षी मोजा. चालणं धरून अडीच-तीन तास लागतात. माणसांच्या दोन तुकड्या केल्यात तर दीड तासात होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर, डिसेंबर-जानेवारी आणि मार्च-एप्रिल अशा तीन फेऱ्या किमान हव्यात. मार्च-एप्रिलमध्ये १५ दिवसांच्या अंतराने दोनदा जा. मूल्यांकनाच्या अहवालासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरते. ती ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये घेतलेली असेल तर विणीचा हंगाम त्यात आलेलाच नसतो, आणि तुमच्याकडे नेमका तोच असेल.

विणीच्या काळात फेरी सकाळी साडेसहाला सुरू करा आणि नऊच्या आत पात्राबाहेर पडा. हा नियम मोडू नका. खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो, गोटे त्याहून तापतात. पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवतो. दुपारी तुमच्यामुळे तो थोडा वेळ उठला तरी अंडी भाजतात. वसाहतीपासून किमान ५० मीटर लांब राहा, फोटो लांबूनच घ्या. घरट्याजवळ काठी किंवा रंगीत खूण ठेवू नका. कावळे तीच पाहतात. घरट्याचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका.

प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, बिंदू क्रमांक, अक्षांश-रेखांश, जात, संख्या, पुरावा (प्रत्यक्ष, अंडी, पिल्लू, पाऊल, विष्ठा), फोटो क्रमांक आणि पाहणाऱ्याचं नाव असावं. ओळख नक्की नसेल तर 'टिटवी, जात अनिश्चित' असं लिहा. एक चुकीची ओळख सापडली की उरलेल्या पन्नास नोंदींवरचाही विश्वास जातो. काहीच दिसलं नाही ती फेरीही नोंदवा.

खाण नदीत नसून सातपुड्याच्या पायथ्याशी खडी किंवा डबराची असेल तर पाहण्याच्या गोष्टी बदलतात : कड्याच्या खोबणीतली शृंगी घुबडाची घरटी, वटवाघळांच्या कपारी, माळावरची खोकड आणि लांडग्याची बिळं, सागवानी जंगलातल्या ढोली. रानपिंगळा हा छोटा घुबड शंभरहून जास्त वर्षं कुणाला दिसला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो पुन्हा सापडला तो शहाद्याजवळच्या जंगलात. त्यामुळे शहादा, तळोदा, अक्राणी, यावल, चोपडा भागातल्या पायथ्याच्या जंगलात तो आहे का, हे पाहिल्याशिवाय कुठलाही अहवाल पुरा मानू नये. त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं मात्र टाळा, विशेषतः विणीत.

तळाची उंची मोजा

पक्ष्यांच्या नोंदी करणारे बरेच जण हे काम सोडून देतात, आणि वाद इथेच जिंकला-हरला जातो. त्याला महाग यंत्र लागत नाही. गवंड्याकडची २० मीटर पारदर्शक नळी, ३० मीटरचा टेप, सुतळी आणि रंग पुरे.

पुलाच्या खांबावर किंवा पक्क्या घाटाच्या पायरीवर रंगाने एक रेघ मारा. ती तुमची कायमची पातळी. तिथून नळीच्या पाण्याने पातळी पुढे नेत नेत, पात्राच्या आडव्या रेषेवर दर ५ मीटरला तळ त्या रेघेपेक्षा किती खाली आहे ते मोजा. अशा तीन आडव्या रेषा घ्या : खाणीच्या वर, मधोमध, खाली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून प्रत्येक मोजणीआधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं उभं राहतं का ते पाहा. वाहत्या खोल पाण्यात उतरू नका, ते बिंदू रिकामे ठेवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि नोव्हेंबरमध्ये एकदा मोजलंत की पावसाळ्यात नदीने किती भर घातली ते कळतं.

हिशेब सोपा आहे. २ हेक्टर गटावर १ मीटर उपसा म्हणजे २०,००० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा हे सुमारे ७,०६७ ब्रास झाले. तुमच्या मापात भर ३० सेंटिमीटरच निघाली तर नदीने परत दिलेले ब्रास २,१२० आहेत. धरणाच्या खालच्या भागात वाळू अडलेली असते, तिथे भर आणखी कमी असू शकते. पुनर्भरणाच्या अभ्यासाशिवाय केलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल ग्राह्य नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून हरकतीत विचारा : अभ्यास कोणी केला, कोणत्या तारखांना, आणि पावसाळ्याआधीची व नंतरची मापं कुठे आहेत?

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला गोटे-वाळूचा जाड थर आहे. त्यातून पाणी जमिनीत मुरतं आणि केळीच्या विहिरींना पोहोचतं. तिथे काठच्या पाच विहिरींची पातळी मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजून ठेवा. पक्ष्यांसाठी न येणारे शेतकरी या नोंदीसाठी येतात, आणि ते यायलाच हवेत.

नोंद फाइलमध्ये घालणं

जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा २१ दिवस लोकांसमोर ठेवावा लागतो. ही पहिली आणि सगळ्यात स्वस्त संधी असते. गट यादीत येण्याआधीच इथे बाहेर काढता येतो. अहवाल पाच वर्षांनी नव्याने होतो, म्हणून खनिकर्म शाखेत आधीच विचारून ठेवा.

ग्रामसभेचा ठराव घेताना 'वाळू उपशाला विरोध' एवढंच लिहू नका. नमुना असा :

'मौजे ____, ता. ____ येथील गट क्र. ____ लगतच्या ____ नदीपात्रात दि. ____, ____ व ____ रोजी केलेल्या पाहणीत ____ या पक्ष्यांची ____ घरटी व ____ च्या खुणा आढळल्या. नोंदी व नकाशा सोबत जोडला आहे. सदर पट्टा वाळू गटातून वगळावा, अशी शिफारस ही ग्रामसभा करीत आहे.'

गणपूर्ती झाल्याची नोंद, हजेरीच्या सह्या आणि ठराव क्रमांक नसेल तर ठराव उडतो. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके आणि साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर इत्यादींमधली अनुसूचित गावं यांना पेसा कायदा, १९९६ (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा) लागू आहे. तिथे गौण खनिजाच्या पट्ट्याआधी किंवा लिलावाआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम ५ चा आधारही घ्या.

त्याच सभेत जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून या नोंदी लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. समिती बहुतेक गावांत कागदावर असते. सदस्य कोण हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) विचारा. मग ठराव, नोंदी, नकाशा आणि पातळीची मापं यांचा एकच संच जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक, राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण आणि तहसीलदार यांना द्या. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. शिक्का नसलेलं पत्र दिलं नव्हतं असंच धरलं जातं.

जनसुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळावा लागतो. तीनच मुद्दे बोला : नकाशातली चूक, सुटलेला हंगाम, नसलेलं पुनर्भरण. बाकी लेखी द्या. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त वाचून दाखवलं जातं. तुमचा मुद्दा त्यात नेमका आला का ते तिथेच ऐका.

खाण होणारच असेल तर

प्रत्येक गट थांबत नाही. अशा वेळी मोघम अटींना अर्थ नसतो. मोजता येतील अशाच मागा. आमच्या मते या सहा अटी सगळ्यात जास्त वाचवतात :

१. वसाहत असलेलं बेट आणि त्याभोवती १०० मीटर हद्दीतून वगळणं.
२. त्या पट्ट्यात उपसा फक्त ऑक्टोबर ते जानेवारी.
३. वाहत्या धारेत भराव नाही, एकच ठरलेला रस्ता.
४. खोली पाण्याच्या पातळीच्या वर. कमाल आकडा मीटरमध्ये आणि पक्क्या रेघेच्या संदर्भाने.
५. बिळं असलेल्या काठापासून ५० मीटर मोकळे.
६. सक्शन पंप नाही, सूर्यास्त ते सूर्योदय काम नाही.

मंजुरी निघाल्यावर तिच्यातल्या अटी वाचा. अपील करायचं असेल तर हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे ३० दिवसांत जावं लागतं. सबळ कारण असेल तर पुढे ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, पण तिच्यावर विसंबू नका. मंजुरीची तारीख तुम्हाला कुणी कळवणार नाही. परिवेश पोर्टल दर आठवड्याला उघडा.

काम सुरू झालं की त्याच १२ बिंदूंवरून, त्याच दिशेने, महिन्याला एकदा फोटो घ्या. दर १ जून आणि १ डिसेंबरला अट-पूर्तता अहवाल द्यायचा असतो. तो मागवून आपल्या मापांशी ताडून पाहा. हद्दीबाहेर किंवा जास्त खोल उपसा दिसला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ (७) आणि ४८ (८) चा उल्लेख करून तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा. घरटी किंवा प्राण्यांचा प्रश्न असेल तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. रात्री ट्रॅक्टर अडवायला जाऊ नका. वाळूच्या गाड्या अडवताना महसूल कर्मचाऱ्यांवरही हल्ले झाले आहेत. लांबून वेळ, दिशा आणि वाहन क्रमांक लिहून ११२ ला कळवणं पुरेसं आहे.

मुदत संपल्यावर ठेकेदार किंवा ग्रामपंचायत पात्रात झाडं लावायला निघाली तर थांबवा. गोट्यांच्या पट्ट्यावर घरटं करणाऱ्या पक्ष्याला उघडी जमीनच लागते; तिथे रोपं लावणं म्हणजे उरलेला अधिवास मोडणं. झाडं थडीच्या वरच्या काठावर लावावीत. पट्ट्यावर वेडी बाभूळ उगवली असेल तर ती ऑक्टोबरमध्ये, विणीच्या कितीतरी आधी, मुळासकट उपटावी. खोल खड्डे उभ्या कडांचे राहिले तर त्यांत गुरं आणि पोरं बुडतात, म्हणून कडांना उतार देऊन घ्यावा. आणि नोव्हेंबरमध्ये नळी-टेप घेऊन त्याच तीन रेषा पुन्हा मोजाव्यात. पुढच्या लिलावाची यादी लागेल तेव्हा हीच मापं हातात लागतील.